पेट्रोल आहे, तरी इंजिन बंद का पडतं?

बारामती किंवा धुळ्याच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची जी छोटी विमानं दिसतात, त्यांना जेट इंजिन नसतं. पंख्यामागे असतं पिस्टन इंजिन, बहुतेकदा चार सिलिंडरचं. जगात सर्वाधिक संख्येने बनलेलं विमान, सेस्ना १७२, याच जातीचं. त्याच्या जुन्या, कार्बोरेटरवाल्या मॉडेलांची इंधनव्यवस्था तर फारच साधी. पंख डोक्यावर, टाक्या पंखांत, इंजिन खाली. पेट्रोल आपल्या वजनानेच उतरतं, पंप लागत नाही.

ही साधी व्यवस्थाही भल्याभल्यांना चकवते. इंजिन अडखळलं की हात आधी इंजिनाकडे जातो. प्लग काढा, ठिणगीसाठी वीज देणारा मॅग्नेटो बघा, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर खोला. माझं ठाम मत आहे की शोध दुसऱ्या टोकाने सुरू करावा. टाकीच्या झाकणापासून निघावं आणि पेट्रोल ज्या वाटेने येतं त्याच वाटेने एकेक टप्पा तपासत इंजिनापाशी पोचावं. त्याहीआधी वैमानिकाला नीट विचारावं: नेमकं कधी अडखळलं? सुरू केल्याबरोबर, पूर्ण थ्रॉटल दिल्यावर, की उड्डाणानंतर वीस मिनिटांनी? अर्धं निदान त्या उत्तरातच असतं.

वीस मिनिटांनी, असं उत्तर आलं तर मी आधी टाकीचा श्वास तपासेन. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. टाकीचंही तेच. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा आत यायला हवी. सेस्ना १७२ मध्ये त्यासाठी डाव्या पंखाखाली, आधाराच्या दांडीजवळ, एक छोटी नळी असते. तिला व्हेंट म्हणतात. ही नळी बुजली तर काय होतं, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. विमानाच्या पेट्रोलची, म्हणजे एव्हगॅसची, घनता लिटरला सुमारे ०.७२ किलो. टाकी कार्बोरेटरपेक्षा मीटरभर उंच आहे असं धरलं, तर त्या उंचीमुळे मिळणारा दाब जेमतेम ७ किलोपास्कल भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सात टक्के. टाकीतल्या हवेचा दाब तेवढ्याने उतरला की प्रवाह थांबला. टाकीत ४० लिटर मोकळी जागा असेल तर कागदावर तीन लिटर पेट्रोल खर्च होण्याचा अवकाश, आणि क्रूझमध्ये, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, तेवढं पाच-सहा मिनिटांत जळतं. प्रत्यक्षात पेट्रोलची वाफ आणि टाकीचा लवचीक पत्रा थोडी भरपाई करतात, म्हणून इंजिन आणखी काही वेळ तग धरतं. मग बंद पडतं. विमान उतरवून थोडा वेळ उभं ठेवलं, कुणी झाकण उघडून टाकी बघितली, की हवा आत शिरते आणि इंजिन पुन्हा सुरळीत चालतं. दोष सापडत नाही.

नळी बुजवणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे: कुंभारीण. मातीचं घरटं बांधणाऱ्या या माशीला अशी अरुंद भोकं फार आवडतात. विमान काही दिवस उभं राहिलं तरी तिला पुरे.

हा दोष पकडायची चाचणी मला फार सुंदर वाटते. कार्बोरेटरला येणारी नळी सोडायची, खाली मापाचं भांडं धरायचं आणि घड्याळ लावून प्रवाह मोजायचा. एकदा टाकीचं झाकण घट्ट लावून, एकदा उघडं ठेवून. गुरुत्वावर चालणाऱ्या व्यवस्थेत हा प्रवाह टेकऑफच्या गरजेच्या किमान दीडपट हवा, अशी अमेरिकी नियमांची अट आहे. टेकऑफला ताशी ४५ लिटर लागतात असं धरलं तर मिनिटाला सव्वा लिटरच्या जरा आत. झाकण उघडं असताना धार भरपूर आणि लावल्यावर मंदावत गेली, तर व्हेंट बुजलेली. दोन्ही वेळा मंदच राहिली, तर अडथळा पुढे कुठेतरी आहे: गाळणीत, टाकी निवडण्याच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा आतून सोललेल्या रबरी नळीत. हे सगळं इंजिनाचा एकही बोल्ट न काढता कळतं. मात्र चाचणी मोकळ्या जागेत, विमान तारेने जमिनीशी जोडून (अर्थिंग करून) आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करायची.

पुढचा संशयित पाणी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे टाकीच्या तळाशी बसतं आणि निचऱ्याच्या झडपेतून काढता येतं. नव्या १७२एस मध्ये असे १३ निचरे आहेत, दर पंखाला पाच आणि पोटाखाली तीन. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या विमानात पाणी शिरतं ते मुख्यतः झाकणाच्या कडक झालेल्या, चिरलेल्या रबरी रिंगमधून. पारदर्शक पेल्यात नमुना घेतला की तळाशी पाण्याचा थेंब किंवा थर वेगळा दिसतो. धोका असतो तो पेलाभर पाणीच आलं तर. तेव्हा थर दिसतच नाही, सगळं एकसारखं स्वच्छ वाटतं. म्हणून पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून रंग बघायचा. १०० एलएल या प्रकारचं एव्हगॅस फिकट निळं असतं, पाणी निळं नसतं. वासही घ्यायचा. जेट इंधन चुकून मिसळलंय अशी शंका आली तर मात्र रंगावर विसंबू नये, कारण मिश्रणातही निळी झाक उरते. कागदावर एक थेंब टाकावा. एव्हगॅस उडून जातं, जेट इंधन तेलकट डाग ठेवतं.

हाच निळा रंग गळतीही दाखवून देतो. पंखाच्या मुळाशी, पोटाखाली किंवा कार्बोरेटरवर निळसर डाग दिसला की पेट्रोल तिथून झिरपून सुकलंय. भारतात हे एव्हगॅस २०२२ पर्यंत आयात व्हायचं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइलने आपल्या वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं १०० एलएल आणलं. रस्त्यावरच्या पंपाचं पेट्रोल टाकून चालेल का, असं लोक विचारतात. या विमानांत नाही. त्यातलं इथेनॉल पाणी शोषतं, गारव्यात ते पाणी घेऊन वेगळं होतं, आणि जुन्या रबरी भागांनाही ते मानवत नाही.

कार्बोरेटरमधला बर्फ हा असा दोष आहे की त्याचा पुरावाच वितळून जातो. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, त्यात पेट्रोलची वाफ होते, आणि तापमान ३० अंशांहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर २५ अंश आणि हवा दमट, म्हणजे कोकणातला कुठलाही पावसाळी दिवस, तरी आत बर्फ धरतो. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात. वैमानिकाने कार्बोरेटरला गरम हवा देणारा खटका ओढला की बर्फाचं पाणी आत जातं, इंजिन आणखी खडखडतं, मग सावरतं. त्या खडखडाटाला घाबरून खटका परत ढकलणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. विमान उतरून कव्हर उघडेपर्यंत सगळं कोरडं झालेलं असतं, आणि मेकॅनिक बिचारा निर्दोष कार्बोरेटर खोलत बसतो. त्या वेळचं तापमान आणि दवबिंदू विचारला तर हे श्रम वाचतात.

इंजेक्शनवाल्या इंजिनात, म्हणजे जिथे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या तोटीतून (नोझलमधून) पेट्रोल मिळतं तिथे, कार्बोरेटर नाही, त्यामुळे हा बर्फ नाही. पण तिथला मीटर फसवतो. जुन्या प्रकारचा फ्लो-मीटर खरं तर दाब मोजतो. एखाद्या सिलिंडरचं नोझल कचऱ्याने चोंदलं की मागे दाब वाढतो आणि मीटर जास्त प्रवाह दाखवतो, जेव्हा प्रत्यक्षात कमी जात असतं. उपाय सोपा आहे. चारही नोझल काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायची, इंधनपंप थोडा वेळ चालवायचा आणि पातळ्या शेजारीशेजारी ठेवून बघायच्या.

आता ज्याकडे सर्वात कमी लक्ष जातं ते: टाकी निवडण्याचा व्हॉल्व्ह. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने २०११ ते २०१५ मधले अपघात तपासले, तेव्हा इंधनाच्या नियोजनातल्या गफलतीमुळे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात झाल्याचं दिसलं. त्यांतल्या ५६ टक्क्यांत पेट्रोल संपलं होतं; ३५ टक्क्यांत मात्र ते विमानात होतं, इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात गायक जॉन डेन्व्हर यांचं लाँग-ईझेड, म्हणजे आराखडे घेऊन हौशी लोक स्वतः बांधतात त्या जातीचं छोटं विमान, कोसळलं. मूळ आराखड्यात व्हॉल्व्हचा दांडा वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होता. विमान बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला होता, त्यावर खुणाही नव्हत्या. तो फिरवायला मागे वळताना उजवं रडर (शेपटीचं सुकाणू वळवणारं पायातलं पेडल) दाबलं गेलं आणि विमानाचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष आहे. यंत्राचा भाग एकही मोडला नव्हता. दांडा कुठे आहे आणि हात तिथे सहज पोचतो का, हीसुद्धा इंधनव्यवस्थेचीच तपासणी आहे, असं मला म्हणूनच वाटतं.

सेस्नात हा व्हॉल्व्ह दोन आसनांच्या मध्ये, पुढे जमिनीवर असतो: डावी, उजवी, दोन्ही. प्रत्येक खुणेवर तो टक्कन बसायला हवा. झिजलेला दांडा दोन खुणांच्या मध्ये थांबतो आणि प्रवाह अर्धवट करतो. दुरुस्तीनंतर डाव्या टाकीवर, मग उजव्या टाकीवर इंजिन जमिनीवरच काही मिनिटं जोरात चालवून बघतात, ते याचसाठी. घाईत एवढी मिनिटं देणं जिवावर येतं. पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद असला तरी नळीत आणि कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ ठणठणीत चालतं. तेवढ्या वेळात विमान जमीन सोडून वर गेलेलं असू शकतं.