माडाचा गूळ मधुमेहाला चालतो का?

चतुर्थी जवळ आली की गोव्यात म्हापशाच्या बाजारात माडाच्या काळ्या गुळाला मागणी वाढते. हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या कराव्यात त्या याच गुळाच्या, याबद्दल माझं दुमत नाही. पण हल्ली तो 'नैसर्गिक आहे, मधुमेहाला चालतो' म्हणूनही घेतला जातो. तो चालत नाही.

रेंदेर, म्हणजे माडावर चढून रस काढणारा, माडाच्या पोयीतून (फुलोऱ्यातून) सूर, म्हणजे गोड रस, काढतो. गुळासाठीचा सूर आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि मग तो आटवतात. आटून उरतं ते मुख्यतः सुक्रोज, म्हणजे उसाच्या साखरेत असतं तेच. आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. ग्लुकोज रक्तात उतरलं की स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावं लागतं. फ्रुक्टोज बरंचसं यकृताकडे जातं, आणि ते रोजच गरजेपेक्षा जास्त आलं तर यकृत त्याची चरबी करू लागतं. मधात तर हे दोन्ही घटक आधीच सुटे असतात.

गुळात लोह असतं, हे खरं. पण दहा ग्रॅम गुळातून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळणार, आणि प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस आहे 29 मिलिग्रॅमची! लोहासाठी तांबडी भाजी (लाल माठ), कुळीथ खावेत, गूळ चवीसाठी.

गोव्यात हा प्रश्न किरकोळ नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यातच आढळलं: 26.4 टक्के. देशाची सरासरी 11.4. याचं खापर एकट्या गोडावर फोडता येत नाही. वय, वजन, बैठं काम, सगळंच त्यात आलं.

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध, गूळ, फळांचे रस हे सगळं एकाच हिशेबात धरते. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याने ते दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावं, 25 च्या आत आलं तर उत्तमच. थंड पेयाच्या तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीतच तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. सणाच्या दोन पातोळ्यांपेक्षा मला रोजच्या त्या बाटलीची धास्ती जास्त वाटते.

मग साखरेऐवजी स्टीव्हिया, ही गोड पानांची वनस्पती? त्या पानांतला गोड अर्क साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड असतो आणि रक्तातली साखर वाढवत नाही. तरी वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर भिस्त ठेवू नये, असं याच संघटनेने 2023 मध्ये सांगितलं. आधीच मधुमेह असलेल्यांना मात्र ती शिफारस लागू नाही. त्यांनी चहात स्टीव्हिया घालायला हरकत नाही. मणगण्यात (चणाडाळ, गूळ आणि नारळाच्या रसाच्या खिरीत) घालाल तर गोडी येईल, पण गुळाचा रंग आणि खमंगपणा येणार नाही, वर जिभेवर किंचित कडवटपणा रेंगाळेल.