तपासणी आणि संशय: साईटवरचा रोजचा घोळ

"माझा मिस्त्रीवर पूर्ण विश्वास आहे, मी टेप लावत नाही," असं छाती पुढं काढून सांगणारे सुपरवायझर कोल्हापुरात फुलेवाडीपासून उचगावपर्यंत कुठंही भेटतात. भल्या माणसा, त्याला विश्वास नाही, कंटाळा म्हणतात.

तपासणी म्हणजे काय ते शिकवायला नको. स्लॅब ओतण्याआधी सळ्यांचं अंतर, रिंगा, कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू न देणारे छोटे ठोकळे) बघायचे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं साध्या हवामानात कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, स्लॅबला किमान २० मिमी, कॉलमला ४०. (व्हॉट्सअॅपवर फोटो मागवून "बघितलं" म्हणणारे डोक्यात जातात. फोटोत २० मिमी दिसतात होय?) संशयही सगळ्यांना कळतो. घोळ होतो, कारण टेप दोन्हीकडं तोच.

फरक पडतो तो टेप कधी आणि कुणादेखत लावला यानं. काँक्रीट पडायच्या आधी, मिस्त्रीला शेजारी घेऊन, रोज आणि सगळ्यांचंच काम बघितलं तर ती तपासणी. चूक निघाली तर तार सोडायची, सळई सरकवायची, पुन्हा बांधायची, विषय संपला. तोच टेप माणूस जेवायला गेल्यावर गुपचूप लावला आणि जे सापडलं ते शनिवारी पगार वाटताना चारचौघांत काढलं, की झाला संशय. तोवर स्लॅब पडलेला असतो. काम सुधारत नाही, नुसती त्या माणसाची अब्रू जाते.

नवीन असताना कळंब्याकडच्या एका साईटवर मीही हे केलंय. गवंड्याच्या माघारी ओळंबा लावला आणि सगळ्यांसमोर भिंत वाकडी म्हणालो. भिंत वाकडी होतीच. पुढच्या महिन्यात पाण्याचा पंप बंद पडला. स्लॅबला पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, म्हणून किमान १० दिवस पाणी मारायचं. मधले तीन दिवस तो कोरडाच राहिला. गवंड्याला माहीत होतं. का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला, "तुमी बघताय की मागनं."

आता ड्रॉइंग मी मिस्त्रीच्या हातात देतो आणि माझंच वाचन त्याला तपासायला लावतो. परवा घाईत छज्ज्याची मुख्य सळई खाली बांधा म्हणून सांगून बसलो. ती वरच्या बाजूला लागते. मिक्सर सुरू व्हायच्या आधी वरनं हाक आली, "सायब, ही वर पायजे न्हवं?"