इंधन दाब नियामक

पेट्रोल एंजिनाच्या इंजेक्टरपर्यंत (पेट्रोल फवारणाऱ्या तोटीपर्यंत) पोहोचणाऱ्या इंधनाचा दाब ठरावीक मर्यादेत राखणारी झडप. गॅरेजमध्ये तिला ‘प्रेशर रेग्युलेटर’ किंवा नुसते ‘रेग्युलेटर’ म्हणतात. या नोंदीत मॅनिफोल्डमध्ये (एंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचात) पेट्रोल फवारणाऱ्या पद्धतीचाच मुख्यतः विचार केला आहे. डिझेलच्या कॉमन रेल पद्धतीत दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि तो विद्युत झडपांनी सांभाळला जातो. त्या यंत्रणेचे शास्त्र वेगळे आहे.

धातूच्या लहानशा डबीत रबरी पडदा (डायफ्रॅम) ताणलेला असतो. त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत) पाठवत राहतो. दाब स्प्रिंगच्या जोराहून वाढला की पडदा उचलला जातो, झडप उघडते आणि जास्तीचे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. नियामक दाब निर्माण करत नाही, वाढलेला दाब सोडून देतो. हा भेद नजरेआड झाला की धडधाकट नियामक बदलला जातो आणि थकलेला पंप तसाच राहतो.

स्प्रिंगच्या बाजूची पोकळी एका बारीक नळीने मॅनिफोल्डला जोडलेली असते, आणि या साधनाचे खरे मर्म त्या नळीत आहे. इंजेक्टरमधून किती पेट्रोल जाईल हे रेलमधील दाबावर नव्हे, तर रेल आणि मॅनिफोल्ड यांच्यातील दाबाच्या फरकावर ठरते. प्रवाह त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. समजा, फरक ३ बार ठेवायचा आहे. एंजिन रिकामे फिरत असताना मॅनिफोल्डमधील दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.६ बारने कमी असतो. नळी नसेल तर फरक ३.६ बार होईल आणि तितक्याच वेळात साधारण साडेनऊ टक्के जास्त पेट्रोल पडेल. टर्बोचार्जरने मॅनिफोल्डमध्ये ०.८ बार दाब चढवला, तर उलट सुमारे १४ टक्के कमी पडेल आणि नेमक्या जोराच्या क्षणी हवा-पेट्रोलचे मिश्रण विरळ होईल. नळीमुळे रेलमधील दाब मॅनिफोल्डच्या मागोमाग खालीवर होतो व फरक कायम राहतो. म्हणून अशा एंजिनात रिकाम्या फेऱ्यांवर गेज २.४ बारच्या आसपास दाखवत असेल, तर तो दोष समजू नये.

या साधनाचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. कार्ब्युरेटरच्या काळातील दाब घटवणाऱ्या झडपांपासून काही जण सुरुवात करतात. पण त्या झडपांचे काम वेगळे होते, म्हणून बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक (१९६७) या पेट्रोल-फवारणी पद्धतीपासून वंशावळ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तिच्यातील नियामक वातावरणाच्या दाबाशी बांधलेला होता, दाब सुमारे २ बार. मॅनिफोल्डमधील फरकाची भरपाई इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करी. मॅनिफोल्डला जोडलेला नियामक १९७३ च्या सुमारास आलेल्या एल-जेट्रॉनिक पद्धतीने रूढ केला. पुढे परतीची नळी एंजिनाची उष्णता टाकीत नेते व पेट्रोलची वाफ वाढवते, या कारणाने नियामकच टाकीतील पंपाशेजारी हलवला गेला. तेथे दाब स्थिर, बहुधा ३.५ ते ४ बार, असतो आणि भरपाई पुन्हा संगणकाकडे गेली. म्हणजे अनेक वर्षांनी रचना जुन्या कल्पनेकडेच वळली.

बिघाडांपैकी पडदा फाटणे सर्वांत सहज ओळखता येते. एंजिन चालू असताना नियामकावरची बारीक नळी काढून तिच्या तोंडाशी पाहावे. आत पेट्रोलचा ओलावा दिसला किंवा वास आला, तर ते पडद्यातून थेट मॅनिफोल्डमध्ये शोषले जात आहे. काळा धूर, गरम एंजिन पुन्हा चालू करताना लागणारा वेळ आणि पी ०१७२ हा एंजिनाच्या संगणकाने नोंदवलेला दाट मिश्रणाचा दोष-संकेत ही त्याचीच लक्षणे. नळी कोरडी असेल, तर गेज लावून ती काढल्यावर दाब सुमारे अर्ध्या बारने चढतो का ते तपासावे. दाब सतत जास्त राहिला, तर नियामकाला दोष देण्याआधी परतीची नळी चेपलेली किंवा तुंबलेली नाही याची खात्री करावी. दाब कमी असेल, तर परतीची रबरी नळी क्षणभर दाबून धरावी: दाब उसळला तर पंप ठीक आहे, नियामक जास्त सोडतो आहे. नायलॉनची नळी मात्र कधीही चिमटू नये, ती तडकते.

एंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरत असेल, तर परतीची नळी बंद केल्यावर तो टिकतो का पाहावे. टिकला तर गळती नियामकात आहे. पंपाकडून येणारी नळी बंद केल्यावरच टिकत असेल, तर पंपाच्या एकमार्गी झडपेत. आणि दोन्हीकडून बंद करूनही उतरत असेल, तर एखादा इंजेक्टर ठिबकत असतो.