पांगुना खाण

पापुआ न्यू गिनीच्या बूगनव्हिल बेटावरील तांबे व सोन्याची उघडी खाण. येथे १९७२ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८९ मध्ये ते थांबले. तोपर्यंत सुमारे ३० लाख टन तांबे व ३०० टन सोने निघाले होते. देशाच्या निर्यात-उत्पन्नात या एका खाणीचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक होता. साठा शिल्लक असताना केवळ लोकांच्या उठावामुळे एवढी मोठी खाण बंद पडल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

संघर्षाचे मूळ जमिनीच्या मालकीत होते. खाणपट्ट्यातील नासिओई समाजात जमिनीचा वारसा आईकडून मुलीकडे जातो. ऑस्ट्रेलियन वसाहती कायद्याने मात्र भूगर्भातील खनिजे सरकारची ठरवली, आणि १९६७ चा खाणकरार खाण चालवणारी बूगनव्हिल कॉपर कंपनी व वसाहती प्रशासन यांच्यातच झाला. १९६९ मध्ये रोरोव्हाना गावच्या स्त्रिया भूसंपादनाला आडव्या आल्या, तेव्हा पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर वापरला. पुढे जे घडले त्याची पूर्वसूचना इथेच मिळाली होती. ती कोणी गांभीर्याने घेतली नाही.

मोबदल्याची वाटणीही तितकीच विषम होती. निर्यातमूल्याच्या १.२५ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) ठरले आणि त्यातले जेमतेम ५ टक्के जमीनधारकांना, म्हणजे शंभर किनांच्या (किना हे देशाचे चलन, एका किनाचे १०० तोया) निर्यातीमागे सुमारे सहा तोया. बाकीचे प्रांतिक सरकारकडे जाई. खाणीतला गाळ थेट कावेरोंग-जाबा नदीत सोडला जात असल्याने मासेमारी आणि काठची शेती दोन्ही बुडाली. १९७४ मध्ये कराराची फेररचना होऊन सरकारचा कर-महसूल वाढला. दर सात वर्षांनी फेरविचाराची तरतूदही झाली. पण केंद्र व प्रांत यांचे एकमत न झाल्याने १९८१ चा फेरविचार झालाच नाही. तक्रार मांडण्याची सनदशीर वाट अशी बंद झाली.

पर्पेतुआ सेरेरो व खाणीतले माजी कर्मचारी फ्रान्सिस ओना यांच्या नेतृत्वाखालील जमीनधारकांच्या नव्या संघटनेने १००० कोटी किना भरपाई मागितली. नोव्हेंबर १९८८ मध्ये खाणीतलीच स्फोटके पळवून विजेचे मनोरे उडवण्यात आले. मे १९८९ मध्ये कंपनीने काम थांबवले. त्यानंतरचे यादवी युद्ध १९९८ पर्यंत चालले. बेटाच्या नाकेबंदीत औषधांअभावी असंख्य लोक दगावले. एकूण मृत्यूंचा अंदाज २०,००० पर्यंत जातो. १९९७ मध्ये सरकारने भाडोत्री सैनिक आणण्याचा घाट घातला, तेव्हा लष्करच उलटले आणि पंतप्रधान ज्युलियस चॅन यांना बाजूला व्हावे लागले.

२००१ च्या शांतता करारानुसार बूगनव्हिलला स्वायत्तता मिळाली. तेथील २०१५ च्या खाणकायद्याने खनिजांची मालकी परंपरागत जमीनधारकांकडे दिली आणि शोधकामालाच नकार देण्याचा हक्कही त्यांना दिला. २०१९ च्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. खाण पुन्हा सुरू झाल्यास नव्या राष्ट्राचा खर्च भागेल, ही आशा आणि नदीकाठच्या गावांची भीती यांचा मेळ अजून बसलेला नाही.

खाणकंपनीचे बहुसंख्य भाग बाळगणाऱ्या रिओ टिंटो कंपनीने २०१६ मध्ये आपले समभाग पापुआ न्यू गिनी व बूगनव्हिल या दोन्ही सरकारांना देऊन टाकले. तत्कालीन नियम पाळले होते, असे सांगत तिने सफाईची जबाबदारी नाकारली. हा पवित्रा अन्यायाचाच होता. स्थानिकांनी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात तक्रार केल्यावर तिने नुकसानीच्या पाहणीस मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणी-अहवालाने खाणीची ढासळती बांधकामे आणि गाळाने फुगलेल्या नदीचे पूर यांपासून लोकांच्या जिवाला आजही धोका असल्याचे नोंदवले.