मंडालेचे दोन कैदी: लाला लजपतराय आणि टिळक

मंडाले म्हटले की टिळक आणि ‘गीतारहस्य’ एवढे मराठी माणसाला पाठ असते. त्यांच्या वर्षभर आधी लाला लजपतरायही त्याच मंडालेच्या किल्ल्यात कैदेत होते, हेही पुष्कळांनी ऐकलेले असते. मग दोघांनाही एका दमात ‘मंडालेला हद्दपार’ करून टाकले जाते आणि घोटाळा तिथेच होतो. या दोन कैदा वेगवेगळ्या कायद्यांखालच्या होत्या.

लालाजींवर खटला चाललाच नाही. पंजाबात कालव्यांच्या वसाहतींचा नवा कायदा आणि वाढलेली पाणीपट्टी यांवरून शेतकरी खवळलेला होता. ९ मे १९०७ रोजी लाहोरात लालाजींना पकडले, पाठोपाठ शेतकरी चळवळीतले सरदार अजितसिंग यांना, आणि दोघांची रवानगी ब्रह्मदेशात झाली. आधार होता १८१८ चे रेग्युलेशन ३. हा मूळचा कंपनी सरकारचा बंगालमधला नियम. त्याला आरोपपत्र लागत नसे, पुरावा लागत नसे. गव्हर्नर जनरल व त्यांचे कौन्सिल यांचे वॉरंट निघाले की काम झाले. अशा कैद्याला राजबंदी म्हणत. ताब्यातल्या अधिकाऱ्याने दर १ जानेवारीला आणि १ जुलैला त्याची वर्तणूक, प्रकृती व सोयी यांचा अहवाल वर पाठवायचा, आणि त्यावरून कैद पुढे चालवायची की नाही ते सरकारने ठरवायचे. त्याच्या व कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूदही नियमात होती. कागदावर हे सारे सौम्य दिसते. पण निकालच नाही तर अपील कशावर करणार? मुदतच नाही तर सुटकेचे दिवस कसे मोजणार? लालाजी सहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९०७ मध्ये सुटले ते सरकारच्या मर्जीने. सहा वर्षे ठेवले असते तरी या नियमाला ते चालले असते.

टिळकांचे सगळे उलट. २४ जून १९०८ ला अटक, १३ ते २२ जुलै मुंबई हायकोर्टात खटला, समोर न्यायमूर्ती दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात हेच दावर बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. या वेळी त्यांनीच जामीन नाकारला. ‘केसरी’तले १२ मे आणि ९ जूनचे दोन अग्रलेख पुराव्यात होते. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन हिंदी. कौलही सात विरुद्ध दोन. शिक्षेचा हिशेब नीट पाहावा, कारण ‘सहा वर्षे’ ही एका गुन्ह्याची सजा नव्हती. राजद्रोहाच्या कलम १२४-अ खाली दोन आरोप, प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी, एकापुढे एक. आणि समाजात वैर पसरवण्याच्या कलम १५३-अ खाली हजार रुपये दंड.

काळे पाणी सुनावले, पण टिळक अंदमानला गेले नाहीत. आधी साबरमतीचा तुरुंग, मग शिक्षा साध्या कैदेत बदलून सप्टेंबर १९०८ मध्ये मंडाले. वय ५२ आणि मधुमेह जडलेला. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता, त्यामुळे मंडाले सरकारी हिशेबात परदेश नव्हताच. लिहायला शाई नाही, पेन्सिल आणि पाने मोजलेल्या बांधीव वह्या. १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ उतरले ते या वह्यांत. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, दाद मागून झाली. मिळाले काही नाही, पण दार होते. आणि मुदत ठरलेली असल्यामुळे सुटका कधी हेही ठाऊक होते: मुदत संपायला महिनाभर उरला असताना, १६ जून १९१४ च्या रात्री त्यांना पुण्यात आणून सोडले.

म्हणून खटल्याविना कोंडणे जास्त वाईट, असे माझे मत; सजेची लांबी पाहून उलटे वाटते खरे. त्याचा पडताळा पुण्यातच आहे. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिने सक्तमजुरी झाली. त्याच सुमारास पुण्याचे सरदार नातू बंधू यांना १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ खाली पकडले. ते रेग्युलेशन ३ चेच मुंबईकडचे भावंड. त्यांच्यावर आरोपही ठेवला नाही. दोषी ठरलेले टिळक ६ सप्टेंबर १८९८ ला बाहेर आले. ज्यांच्यावर गुन्हाच शाबीत झाला नव्हता ते नातू १८९९ पर्यंत आत होते.

जुनी चरित्रे वाचताना ठिकाणावरून अंदाज बांधू नये. कागदात कलम, ज्यूरी किंवा न्यायाधीश आणि मुदत दिसली तर ती शिक्षा. नुसते वॉरंट आणि रेग्युलेशनचा आकडा दिसला तर ती स्थानबद्धता. या कसोटीने १९२५ ते २७ मध्ये मंडालेला असलेले सुभाषबाबू लालाजींच्या रांगेत बसतात, टिळकांच्या नाही. वासुदेव बळवंत फडके मात्र टिळकांच्या बाजूला: १८७९ साली पुण्यात खटला, जन्मठेप काळे पाणी. त्यांनाही अनेक जण अंदमानात नेऊन बसवतात. त्यांना ठेवले होते एडनला, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तिथेच वारले.