तांग काळातल्या गुबगुबीत मूर्ती यांग ग्वेफेईमुळे आल्या?

चीनमधल्या तांग काळातल्या, गोल गालांच्या आणि सैल झग्यातल्या मातीच्या दरबारी स्त्रिया पाहिल्या की हमखास सांगितलं जातं: सम्राट श्वानझोंगची लाडकी यांग ग्वेफेई स्थूल होती, म्हणून ही फॅशन आली. गोष्ट झकास, पण सनावळ्या जुळत नाहीत. यांगचा जन्म ७१९चा. ‘ग्वेफेई’ हे सम्राटाच्या उपपत्नींमधलं सर्वोच्च पद तिला ७४५ मध्ये मिळालं. भरदार अंगाच्या मूर्ती तर ७२०च्या दशकातल्या कबरींतही सापडतात. तेव्हा ती लहान पोर होती! सातव्या शतकातल्या मूर्ती सडपातळ, अरुंद बाह्यांच्या. बदल हळूहळू झाला आणि ७५६ मध्ये तिचा अंत झाल्यावरही टिकला. शिवाय ही कुणा एकीची व्यक्तिचित्रं नव्हेतच. साच्यांतून काढून, भाजून, रंगवून मृतांच्या दिमतीला कबरीत ठेवलेल्या या दासी आणि मानिनी.