तोच आवाज, तेच कुटुंब: वर्गातली फिल्म कोणती आणि जाहिरात कोणती?

एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. लख्ख उजेडाचं स्वयंपाकघर, इस्त्रीचा एप्रन बांधलेली आई, वर्तमानपत्र चाळणारे वडील आणि नीट भांग पाडलेला मुलगा. मुलाचा चेहरा उतरलेला. पडद्यामागून एक भारदस्त पुरुषी आवाज विचारतो, याचं काय बरं बिनसलं असेल? देश अमेरिका, साल साधारण १९५०. आता सांगा, ही शाळेत दाखवायची फिल्म आहे की टीव्हीवरची टूथपेस्टची जाहिरात?

पहिल्या अर्ध्या मिनिटात मला अजूनही सांगता येत नाही. मी भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात दाखवण्यासारखं काही सापडतंय का म्हणून या जुन्या अमेरिकन फिल्म्स बघायला लागले आणि मग त्यातच रमले. रिक प्रेलिंजर यांनी १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये असल्या दुर्लक्षित फिल्म्स जमवायला सुरुवात केली. शाळांनी आणि कंपन्यांनी टाकून दिलेली हजारो रिळं त्यांनी वाचवली. २००२ साली तो संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला, आणि त्यातल्या बऱ्याच फिल्म्स आज इंटरनेटवर फुकट बघता येतात. पण तिथे वर्गातला धडा आणि विक्रीची जाहिरात एकाच यादीत शेजारी शेजारी असतात. बघणारा दोन्हींना ‘जुन्या काळची गंमत’ म्हणतो, हसतो आणि पुढे जातो. मला वाटतं, हसण्याआधी त्या दोन वेगळ्या करता यायला हव्यात.

सारख्या दिसण्याचं कारण सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने लाखो जवानांना फिल्म दाखवून शिकवलं. युद्ध संपल्यावर जास्तीचे प्रोजेक्टर शाळांकडे आले आणि कॅमेरामन, निवेदक, संकलक कामाच्या शोधात बाहेर पडले. ज्याला जे मिळेल ते त्याने केलं. आज शाळेसाठी दात घासण्यावर फिल्म, उद्या कारखान्यासाठी सुरक्षिततेवर, परवा जाहिरात. डिक यॉर्क हा नट १९४७ च्या ‘शाय गाय’ या शालेय फिल्ममध्ये बुजरा मुलगा झाला होता. पुढे त्याच चेहऱ्याला अमेरिका टीव्ही मालिकेतला नवरा म्हणून ओळखू लागली. काळ्या माणसांचे चेहरे मात्र दोन्हीकडे जवळजवळ नाहीतच. दक्षिणेकडची राज्यं अशा फिल्म्स विकत घेणार नाहीत, ही निर्मात्यांची भीती त्यामागे होती, आणि जाहिरातदारांची भीतीही तीच.

फरक सुरू होतो तो पैशापाशी. शिकागोजवळच्या ग्लेनव्ह्यूमध्ये कोरोनेट नावाची कंपनी होती. ‘एस्क्वायर’ मासिकाचे प्रकाशक डेव्हिड स्मार्ट यांनी ती काढली. ‘शाय गाय’ तिचीच. कोरोनेट आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका फिल्म्स या कंपन्या पाठ्यपुस्तकं विकावीत तशा फिल्मच्या प्रती शाळांना विकत. फिल्म शिक्षकाच्या पसंतीला उतरायला हवी, कारण पैसे शिक्षण खात्याच्या खिशातून येणार. म्हणून सुरुवातीच्या पाटीवरच एखाद्या प्राध्यापकाचं नाव, त्याची पदवी आणि विद्यापीठ ठळक दिसतं. ते शैक्षणिक सल्लागार. अशी पाटी दिसली की बहुतेक वेळा तुम्ही वर्गात आहात असं समजायला हरकत नाही.

टीव्हीवरची जाहिरात कुणी विकत घेत नाही. उलट ती दाखवायला पैसे मोजावे लागतात. अमेरिकेतली पहिली अधिकृत टीव्ही जाहिरात १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलच्या सामन्याआधी लागली. पडद्यावर अमेरिकेचा नकाशा, त्यावर बुलोव्हा घड्याळ, आणि खर्च ९ डॉलर. १९५० साली दहातल्या जेमतेम एका घरात टीव्ही होता. १९६० पर्यंत तो जवळजवळ नऊ घरांत पोचला. मधल्या दहा वर्षांत जाहिरातीचा जो धंदा वाढला, तो अर्थातच ९ डॉलरचा राहिला नाही.

लांबीवरूनही ओळख पटते. शाळेत १६ मिलिमीटरची फिल्म चालायची. तिचं नेहमीचं रीळ ४०० फुटांचं. एका फुटात ४० चौकटी (फ्रेम्स) आणि सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एक रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. वर्गातल्या इतक्या फिल्म्स दहा-अकरा मिनिटांच्या का असतात याचं उत्तर हे रीळ. शिवाय शाळेच्या तासातही ती बरोबर बसते: आधी थोडी ओळख, मग फिल्म, मग चर्चा. मिनिटाच्या जाहिरातीला त्याच मापाची फक्त ३६ फूट फिल्म पुरते. इतक्या कमी जागेत अडचण दाखवायची, घाबरवायचं, औषध दाखवायचं आणि हसरा शेवटही करायचा. त्यामुळे जाहिरातीत विचार करायला जागाच उरत नाही.

आता त्या उतरलेल्या चेहऱ्याच्या मुलाकडे परत येऊ. दोन्ही प्रकारांत त्याची अडचण तीच असू शकते: त्याला मित्र नाहीत. जाहिरातीत उपाय बाटलीत किंवा ट्यूबमध्ये असतो. त्याने ती वापरली की पुढच्याच दृश्यात सगळे त्याच्याभोवती जमतात. त्याला स्वतःला काहीच बदलावं लागत नाही. ‘शाय गाय’मधला फिल नव्या शाळेत आलेला आहे आणि घरी एकटाच रेडिओच्या वायरींत डोकं घालून बसतो. वडील त्याला सांगतात, ज्यांच्याशी सगळ्यांचं जमतं ती मुलं कशी वागतात ते जरा बघ. मग तो बघतो, चुकतो, पुन्हा बघतो. उपाय विकत मिळत नाही, सवयीने अंगी बाणवावा लागतो. ‘चारचौघांसारखं वागलं की भलं होतं’ हा त्यातला सूर मला स्वतःला पटत नाही. आमच्या वर्गातल्या अबोल मुलांना मी तो सल्ला कधीच देणार नाही. पण त्या मुलाला काही करायला सांगितलं आहे, एवढं श्रेय मी फिल्मला देते.

कोरोनेटची १९४९ ची ‘डेटिंग: डूज अँड डोंट्स’ ही फिल्म तर एकच प्रसंग दोन-तीन तऱ्हांनी खेळून दाखवते. मुलीला फोनवर कसं विचारायचं, दारापाशी निरोप कसा घ्यायचा. आधी चुकीची तऱ्हा, मग बरी तऱ्हा. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी सेंट्रॉन ही कंपनी होती. तिने शाळांसाठी केलेल्या चर्चेच्या फिल्म्स आणखी पुढे गेल्या. १९५२ ची ‘चीटिंग’ ही परीक्षेतल्या कॉपीवरची फिल्म निकाल न देताच थांबते आणि प्रश्न वर्गाकडे सोपवते. जाहिरात प्रश्नावर कधीच थांबत नाही. तिचा शेवट वस्तूच्या डब्यावर होतो, आणि डब्यावरचं नाव वाचता येईल इतका वेळ कॅमेरा तिथेच राहतो.

पण माझ्या मते खरा फरक दिसतो तो कॅमेऱ्याच्या करामतीत. इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवते.

पहिलं १९५९ चं. कोलगेट-पामोलिव्हच्या ‘रॅपिड शेव्ह’ या दाढीच्या क्रीमची जाहिरात. खरखरीत सँडपेपरवर क्रीम लावतात, लगेच वस्तरा फिरवतात, आणि कागद गुळगुळीत होतो. प्रात्यक्षिकच ते. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणणार? पुढे उघड झालं की खरा सँडपेपर असा साफ व्हायला सुमारे ८० मिनिटं भिजत ठेवावा लागतो. पडद्यावर होता प्लेक्सिग्लासचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणि त्याच्यावर पसरलेली वाळू. केंद्रीय व्यापार आयोगाने खटला भरला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६५ साली न्यायालयाने स्पष्ट केलं: प्रेक्षकाला न सांगता नकली वस्तू वापरून ‘पुरावा’ दाखवणं ही फसवणूक आहे. क्रीमने सँडपेपर खरंच साफ होतो की नाही, हा मुद्दा वेगळा. प्रेक्षकाला वाटलं की तो स्वतः प्रयोग बघतोय, आणि तो बघत नव्हता.

दुसरं उदाहरण १९६० च्या ‘फ्रेम्स ऑफ रेफरन्स’चं. १९५६ साली एमआयटी या अमेरिकन तंत्रविद्यापीठात जेरॉल्ड झकारियास यांच्या पुढाकाराने शालेय भौतिकशास्त्र नव्याने मांडण्याचा उपक्रम सुरू झाला. १९५७ ला सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला आणि १९५८ च्या कायद्याने शिक्षणासाठी सरकारी पैसा वाहू लागला, तेव्हा त्याला जोर आला. ही फिल्म त्याच उपक्रमातली. टोरंटो विद्यापीठाचे पॅटरसन ह्यूम आणि डोनाल्ड आयव्ही हे दोन प्राध्यापक त्यात आहेत. सुरुवातीच्या दृश्यात एक सरळ आणि एक उलटा दिसतो, आणि खरंच उलटं कोण हे थोड्या वेळाने कळतं. पुढे एका फिरत्या टेबलावर कॅमेरा बसवलेला आहे. टेबलावरून चकती सोडली की ती वाकड्या रेषेत जाताना दिसते, जणू तिला कुणी बाजूला ओढतंय. मग तेच दृश्य बाहेरच्या स्थिर कॅमेऱ्यातून दाखवतात. चकती सरळच जात होती, फिरत होतो ते आपण.

दोन्हीकडे कॅमेऱ्याने डोळ्यांना फसवलं. जाहिरातीने फसवणूक लपवली, कारण ती उघड झाली असती तर वस्तू खपली नसती. प्राध्यापकांनी ती मुद्दाम उघड केली, कारण त्यांचा धडाच तो होता. मी ही फिल्म दरवर्षी अकरावीच्या वर्गात लावते. टेबल थांबतं तेव्हा मुलांच्या तोंडून निघणारा ‘अरे!’ मला दुसऱ्या कुठल्याच साधनाने मिळवता आलेला नाही.

इथपर्यंत वाटणी सोपी होती. पंचाईत मधल्या फिल्म्सची आहे. त्या शाळेत दाखवल्या जात, पण शाळेने विकत घेतलेल्या नसत. कंपन्या त्या स्वतःच्या पैशाने काढत आणि वितरण संस्थांमार्फत शाळांना फुकट पाठवत. अशा मोफत फिल्म्सची यादी छापणारं एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक १९४१ पासून शिक्षकांना मिळत असे. ज्या शाळेकडे फिल्म घ्यायला पैसे नाहीत, तिला हे वरदानच. त्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. फुकट मिळालेले तक्ते मीही भिंतीवर लावले आहेत.

डिस्नेने १९४६ साली काढलेली ‘द स्टोरी ऑफ मेन्स्ट्रुएशन’ घ्या. पैसे दिले इंटरनॅशनल सेल्युकॉटन कंपनीने, म्हणजे कोटेक्स पॅड बनवणाऱ्यांनी. दहा मिनिटांच्या या कार्टूनमध्ये गर्भाशय, अंडाशय, संप्रेरकं सगळं शांतपणे, घाबरवून न सोडता समजावलं आहे. गोष्टीत पॅड विकण्याचा आग्रह नाही. घरात ज्या विषयावर कुणी बोलत नव्हतं, तो कोट्यवधी मुलींना पहिल्यांदा या फिल्मने समजावला. पण फिल्मबरोबर मुलींच्या हातात एक पुस्तिका यायची, आणि कोणतं पॅड घ्यायचं ते तिथे असायचं. जाहिरात पडद्यावरून उतरून दप्तरात गेली होती. २०१५ साली ही फिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत घेतली गेली, आणि मला ते योग्यच वाटतं. धडा खरा होता. तो कंपनीने का दिला हेही तितकंच खरं.

१९५४ च्या ‘द हाउस इन द मिडल’बद्दल मला असं म्हणता येत नाही. नेव्हाडाच्या वाळवंटात अणुस्फोट करून तीन छोट्या घरांचं काय होतं ते त्यात दाखवलं आहे. कडेची दोन कळकट, रंग उडालेली, अंगणात कचरा पडलेली. मधलं ताजं रंगवलेलं. कडेची जळतात, मधलं उभं राहतं. आवाज सरकारी, दृश्य खरं, नागरी संरक्षण खात्याचं नावही सोबत. आणि फिल्म काढणारा? रंग, व्हार्निश आणि लॅकर उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेचा स्वच्छता-रंगरंगोटी विभाग. फिकट, स्वच्छ पृष्ठभाग उष्णतेचा झोत काही प्रमाणात परावर्तित करतो, हे विज्ञान बरोबर आहे. पण अणुबॉम्बच्या भीतीने जागणाऱ्या आईबापांना रंगाचा डबा हाच आसरा म्हणून दाखवणं मला माफ करवत नाही.

आता शेवटची फिल्म, कारण तिचं काय करायचं हे मला ठरवता येत नव्हतं. ‘अराउंड द कॉर्नर’, १९३७. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, मग एकाच इंजिनावर दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने कशी फिरतात? हे जमवणारी गिअरची रचना म्हणजे डिफरन्शियल, आणि फिल्म तिच्यावर आहे. यूट्यूबवर तुम्हीही कदाचित पाहिली असेल. मोटारसायकलस्वारांपासून सुरुवात करून, दोन चाकं आणि मधली एक साधी पट्टी घेऊन, एकेक दांडी वाढवत ती गिअरपर्यंत नेतात. इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मी पुस्तकात वाचलेलं नाही. फिल्म काढली डेट्रॉइटच्या जॅम हँडी कंपनीने, शेवरलेसाठी.

गेल्या वर्षी ती वर्गात लावली आणि कुणी काढली हे आधी सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं, ही जाहिरात आहे असं जिथे वाटेल तिथे हात वर करा. मोटारसायकली गेल्या, पट्टी फिरली, दांड्यांचे गिअर झाले. एकही हात वर नाही. शेवटाकडे निवेदक सांगू लागला की इंजिनाकडून येणारा दांडा आता खाली सरकवता येतो, त्यामुळे गाडीच्या जमिनीतला उंचवटा जातो आणि मागे बसणाऱ्यांना ऐसपैस जागा मिळते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“मॅडम, आत्तापर्यंत ते चाकाबद्दल बोलत होते,” ती म्हणाली. “आता मागच्या सीटबद्दल बोलतायत.”